लॅपटॉप ३५ टक्क्यांवरच बंद पडतोय? बॅटरी कॅलिब्रेट करायच्या आधी हे बघा

मे महिन्यात इंदूरच्या सुदामानगरहून भाचीचा फोन आला, मामा लॅपटॉप ३५ टक्के दाखवत असतो आणि एकदम काळा पडतो, प्रोजेक्टचं काम दोनदा गेलं. भाऊजींनी एका दुकानात दाखवला तर तिथे न उघडताच सांगितलं, मदरबोर्ड गया भिया, नया ही ले लो. नव्या लॅपटॉपचा खर्च काही थोडाथोडका नाही, मला रात्री चैन पडेना, सकाळीच गेलो. मदरबोर्ड एकदम चांगला होता. झालं असं होतं की दोन वेगळे त्रास एकाच वेळी चालू होते, एक बॅटरीचा आणि एक गरमीचा, आणि घरात सगळे त्याला एकच समजत होते. हे घरी बसून कळतं, एक पैसा लागत नाही, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

आधी दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा. चार्जर लावलेला असताना बंद पडतो का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. चार्जर काढल्यावरच पडत असेल, आणि दर वेळी साधारण त्याच टक्क्यांच्या आसपास, तर बॅटरी. चार्जरवर असताना पण पडत असेल तर कॅलिब्रेशनने, म्हणजे बॅटरीचा टक्क्यांचा आकडा परत जुळवून, काहीही होणार नाही, तिथे दुसरं काही शोधावं लागेल. भाचीचं दोन्ही होत होतं. दुपारी गादीवर लॅपटॉप ठेवून व्हिडिओ कॉल चालू असला की चार्जरवर पण बंद, आणि रात्री टेबलावर चार्जर काढला की ३५ ला बंद.

आता बॅटरीचा रिपोर्ट काढा. विंडोजमध्ये स्टार्टवर सीएमडी टाइप करा, काळी विंडो उघडेल, त्यात इंग्रजीत पॉवर आणि त्यालाच चिकटून सीएफजी, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट एकच शब्द, मग एंटर. फाइल कुठे सेव झाली ते तिथेच लिहून येतं, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात दोन आकडे बघायचे, डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती होती आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता पूर्ण भरल्यावर किती मावतं. भाचीच्या लॅपटॉपवर ४२,००० मिलिवॉट-अवरच्या जागी २३,१०० होतं, म्हणजे ५५ टक्केच उरलेली. आणि तो २३,१०० पण खरा नव्हता, तेच पुढे सांगतो.

बॅटरीत किती चार्ज उरलाय हे पेट्रोलच्या टाकीसारखं थेट मोजता येत नाही. बॅटरीच्या आत एक चिप असते, ती किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला याचा हिशोब ठेवते, किराण्याच्या उधारीच्या वहीसारखा. रोज थोडी थोडी चूक राहते आणि ती साठत जाते. बहुतेक लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टला असतो आणि रिकामा झाला की साधारण ३ व्होल्टला येतो, या दोन टोकांनाच चिपला पक्कं कळतं की आपण नक्की कुठे आहोत, मधल्या भागात व्होल्टेज इतकं हळू बदलतं की त्यावरून अंदाज लावणं अवघड. तुम्ही रोज ८० वरून ५० पर्यंत वापरून परत चार्जर लावत असाल तर वही जुळवायची संधीच मिळत नाही. कॅलिब्रेशन म्हणजे चिपला दोन्ही टोकं एकदा दाखवून वही जुळवून घेणं, बस. त्याने बॅटरी तरुण होत नाही, हे मी सगळ्यांना आधीच सांगतो नाही तर मग निराशा होते.

सुरुवात करायच्या आधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा, खालचं कव्हर फुगलंय का, ट्रॅकपॅड वर उचलला गेलाय का. तसं असेल तर इथेच थांबा, चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी दाबू नका टोचू नका, आग लागू शकते, सरळ बदलायला न्या.

फुगलेली नसेल तर आधी कामाच्या फाइलींचा बॅकअप घ्या. मग चार्जिंग लिमिट बंद करा, लेनोवोमध्ये कंझर्व्हेशन मोड, आसूसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग अशी नावं आहेत, ते चालू असेल तर बॅटरी १०० पर्यंत जातच नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. १०० टक्के झाल्यावर लगेच चार्जर काढायचा नाही, अजून दोन तास लावून ठेवा म्हणजे बॅटरी थंड पण होते. मग पॉवर ऑप्शन्समध्ये बॅटरीवर असतानाचं स्लीप आणि स्क्रीन बंद होणं दोन्ही नेव्हर करा, क्रिटिकल बॅटरीला हायबरनेट ठेवा, चार्जर काढा आणि हलकं काम चालू द्या, एखादा व्हिडिओ लावून दिला तरी चालेल. स्वतःहून बंद होईपर्यंत हात लावू नका. बंद झाल्यावर चार-पाच तास तसाच राहू द्या, मग लॅपटॉप बंद ठेवूनच १०० पर्यंत सलग चार्ज करा. सलग हे महत्त्वाचं, म्हणून ज्या दिवशी मेंटेनन्सची लाइट जाणार असेल तो दिवस टाळा, मी तर रात्रीच लावतो. शेवटी सेटिंग परत पहिल्यासारख्या करा, लिमिट पण परत चालू करा. एचपीच्या डायग्नॉस्टिकमध्ये आणि लेनोवो व्हँटेजमध्ये कित्येक मॉडेलला हे काम आपोआप करायचं बटण मिळतं, असेल तर तेच वापरा. मॅकबुकवाल्यांनी यात पडायचं नाही, आतल्या बॅटरीला कॅलिब्रेशन लागत नाही असं ॲपलच सांगतं.

आणि कृपा करून हे दर आठवड्याला करू नका. पूर्ण रिकामी करायची सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळची आहे, लिथियमला त्याने त्रासच होतो. आकडा उड्या मारायला लागला तरच करा.

भाचीच्या लॅपटॉपवर हे केल्यावर फुल चार्ज १९,००० वर आलं. ताई घाबरली की अजून कमी झालं, पण ते कमी झालं नव्हतं, खरं दिसायला लागलं होतं. ३५ वरचं बंद पडणं थांबलं, आता सरळ ५ पर्यंत जातो आणि आधी वॉर्निंग देतो. तुमचा मात्र कॅलिब्रेशननंतर पण जड काम सुरू केलं की पडत असेल तर बॅटरीचा आतला रेझिस्टन्स वाढलाय, लोड आला की व्होल्टेज खाली बसतं, ती बदलावीच लागेल.

आता चार्जरवर बंद पडतो त्याचं. स्टार्टवर इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्समध्ये सिस्टम, तिथे कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसेल. ती एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नव्हतं, लोक ती बघून पॉवर सप्लाय बदलायला धावतात तसं करू नका. त्याच्या डिटेल्समध्ये बगचेककोड शून्य असेल तर बहुतेक वीज तुटली किंवा गरमीने बंद झालं, शून्य नसेल तर ब्लू स्क्रीन, म्हणजे विंडोज अडकल्यावर येणारा निळा पडदा, आलेला आहे. ब्लू स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढून ठेवा, त्यावरच्या कोडवरून शोधणं सोपं जातं, मेमरीचं नाव असेल तर विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक चालवा, एखाद्या ड्रायव्हरच्या (लॅपटॉपचा एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) फाइलचं नाव असेल तर तो ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या किंवा आधीच्या व्हर्जनवर न्या.

भाचीचा कोड शून्य होता. खालचं झाकण उघडलं तर पंख्याच्या जाळीत धुळीचा थर बसलेला, इंदूरच्या मे महिन्यात ४० च्या वर तापमान आणि खाली कापसाची गादी, हवा जाणार कुठून. ब्रशने साफ केलं, प्रोसेसरची गरमी बाहेर न्यायला लावतात ती थर्मल पेस्ट नवी लावली, गादीच्या जागी टेबल. परत बंद पडला नाही.

बॅटरी बदलायचीच ठरली तर आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये जा, पण नुसतं मॉडेल सांगू नका, जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज फोटो काढून न्या, दोन्ही जुळलं पाहिजे. पक्कं बिल घ्या, जुनी बॅटरी त्यांनाच द्या किंवा कचऱ्याच्या गाडीत ई-वेस्टच्या वेगळ्या खान्यात टाका, सुक्या कचऱ्यात नको. नवी बसवून एकदा पूर्ण चार्ज झाली की तोच रिपोर्ट परत काढा, दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला पाहिजेत, फार फरक दिसला तर त्याच दिवशी बिल घेऊन परत जा.