चारा परदेशात पाठवायचाय? आधी ओलावा बघा, गिऱ्हाईक नंतर

चारा एक्सपोर्ट करायचा म्हटलं की पहिला प्रश्न हाच असतो, बायर कुठं मिळेल. अहो बायर मिळतो, मागणी आहे, सौदीनं तर पाणी वाचवायचं म्हणून स्वतःकडची हिरव्या चाऱ्याची शेतीच कमी करत आणली, आणि जपान, कोरिया, चीन, यूएई हे वर्षानुवर्षं विकत घेतायत. गोची होते ती मालात, आणि तीही बंदरावर नाही, शेतातच.

लसूणघासाचं बघा (बाहेर त्यालाच अल्फाल्फा म्हणतात). कळ्या धरल्या आणि कुठंकुठं फूल दिसायला लागलं की कापायचा, पूर्ण फुलोऱ्याची वाट बघितली तर वजन वाढतं पण काडी जाड होते आणि डेअरीवाला तिथंच भाव पाडतो. प्रोटीन जास्त करून पानात असतं, म्हणून भर दुपारी कडकडीत वाळलेल्या गवताच्या गाठी बांधू नका, पानं चुरा होऊन रानातच राहतात. पहाटे पानांवर हलकं दव असताना बांधा, पान जागेवर राहतं.

आता ओलावा. रानात बांधलेली गाठ एक्सपोर्टसाठी पुन्हा मशीनमध्ये दाबून प्रेस करायच्या आधी तो १२ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली पाहिजे. वरवर हात लावून ठरवू नका, मीटरचा दांडा गाठीच्या पोटात घाला आणि एकाच नाही, बऱ्याच गाठी तपासा. एकदा वरून हिरवीगार दिसणारी गाठ आम्ही सोडली तर मधला थर तपकिरी, हाताला कोमट आणि वास तंबाखूसारखा. असा माल आतून तापलेला असतो, प्रोटीन तर जातंच वर पेट घ्यायची भीती. उगाच नाही सागरी वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत यूएन १३२७ या नंबरखाली 'हे' (वाळलेलं गवत), 'स्ट्रॉ' (काड) आणि चक्क 'भुसा' अशी नोंद आहे! दाबलेल्या गाठी, १४ टक्क्यांखाली ओलावा आणि बंद कंटेनर असेल तर सूट मिळते, पण तसं लेखी सर्टिफिकेट पाठवणाऱ्यालाच द्यावं लागतं, म्हणजे सही तुमची.

लॅबसाठी एका लॉटमधल्या निदान २० गाठींतून गिरमिटानं नमुना काढा. प्रोटीन, एडीएफ (कमी पचणारा तंतू), एनडीएफ (एकूण तंतू) आणि या दोन तंतूंवरून निघणारी आरएफव्ही (चाऱ्याच्या प्रतीचा आकडा), डेअरीवाले याच आकड्यांवर बोलतात, अमेरिकन ग्रेडिंगमध्ये आरएफव्ही १८५ च्या वर गेला की सुप्रीम आणि १७० ते १८५ प्रीमियम. देशाप्रमाणे जादा टेस्ट असतात त्या आधीच विचारून घ्या, चीनला २०२३ पर्यंत जीएम (जनुक बदललेला) लसूणघास चालतच नव्हता, त्या वर्षी काही वाणांना मंजुरी मिळाली, ऑस्ट्रेलियातून जाणाऱ्या ओटच्या गवताची रायग्रास या तणातल्या विषासाठी तपासणी होते. माती, तणाचं बी, जिवंत किडा, यातलं काही सापडलं तर अख्खा कंटेनर अडकतो.

कंटेनर भरायच्या आधी आत शिरा, दार लावून घ्या आणि वर बघा. कुठून उजेडाचा ठिपका दिसला तर तो कंटेनर परत करा, कारण समुद्रावर तिथूनच पाणी येणार. आणि गाठी डबल प्रेस केलेल्याच पाहिजेत, साध्या गाठींनी जागा भरते पण वजन बसत नाही, भाडं मात्र तेवढंच. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगा, लाकडी पॅलेट असेल तर आयएसपीएम १५ चा (लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का बघा.

कागदांमध्ये फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) तर लागतंच, बायर म्हणेल तसं फ्युमिगेशनचं (धुरी देऊन कीड मारल्याचं) आणि मूळ देशाचं. एचएस कोड (कस्टमसाठी मालाचा नंबर) साधारण १२१४ मध्ये येतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि एलसीमध्ये (बायरच्या बँकेनं दिलेली पेमेंटची हमी) मालाचं नाव अक्षर न् अक्षर सारखं ठेवा, नाहीतर बँक पैसे अडकवते. नवीन बायर असेल तर उधारीवर पाठवूच नका, एलसी किंवा आगाऊ रक्कम घ्या.

आणि प्रत्येक लॉटचा एक नमुना सीलबंद करून तारीख, लॉट नंबर टाकून स्वतःकडं ठेवा, पूर्ण पेमेंट येईपर्यंत. तिकडून "ओला माल आला" असा मेल आला की तीच पिशवी आणि लोडिंगच्या वेळचे मीटरचे फोटो कामाला येतात.