मगाचा कान का निसटतो? हातानं भांडी घडवून विकताय, तर या चुका टाळा

दर पावसाळ्यात मला ठरलेला मेसेज येतो. तुटक्या मगाचा फोटो, आणि खाली ‘ताई, ग्लेझ खराब निघालं का?’ ग्लेझचा, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराचा, बिचाऱ्याचा काही दोष नसतो. माती ओली असते आणि करणाऱ्याला घाई असते. पुण्यात गच्चीवर एक छोटी विजेची भट्टी टाकून मी १४ वर्षं स्टोनवेअरची (जास्त तापमानाला घट्ट भाजलेल्या मातीची) भांडी करते नि विकते. पुढची प्रत्येक चूक मी आधी स्वतः करून झालेली आहे, म्हणून चिडायचा हक्क मला आहे.

आधी कानाचं बघू. चाकावरून उतरवलेला मग दुसऱ्या दिवशी चामट होतो; दाबलं तर बोट उमटत नाही, पण नखानं ओरखडा निघतो. कान तेव्हाच लावायचा. वाळलेल्या मगाला ओला कान लावलात, तर मगाची माती आधीच आकसून बसलेली असते, कान नंतर आकसतो आणि जोडावर चीर जाते. वरून कितीही स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) फासा, काही उपयोग नाही. कान लावला की मी अख्खा मग रात्रभर प्लास्टिकखाली झाकते, कणीक झाकून ठेवतो तसा. हेअर ड्रायरनं वाळवणारे लोक मला भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालणं सोडलंय.

वाळलंय का हे डोळ्यांनी कळत नाही. भांडं गालाला लावा. गार लागलं तर आत पाणी आहे. १०० अंश सेल्सिअसला त्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही, आणि भांडं फुटताना शेजारच्या दोघांनाही घेऊन जातं. जुलै-ऑगस्टमध्ये मी भट्टी रात्रभर ८०-९० अंशांवर ठेवते, झाकणाला बोटभर फट ठेवून. विजेचं बिल येतं, येऊ दे.

आता माझी सगळ्यात लाडकी चूक: एक नमुना दाखवून साठ नगांची ऑर्डर घेणं.

धंद्याचं तिसरं वर्ष. दिवाळीच्या भेटींसाठी एका कंपनीतल्या बाई घरी आल्या. माझा शेवाळी हिरवा मग त्यांना इतका आवडला की हातातून ठेवेनात. ‘असेच साठ. फक्त जरा मोठे करा, ३०० मिलीचे.’ मी हो म्हणाले. ॲडव्हान्स मागायला लाज वाटली. माझ्या भट्टीत एका वेळी २२ मग बसतात, म्हणजे तीन खेपा, झालंच काम, असा माझा हिशेब.

पहिली खेप उघडली. वरच्या फळीवरचे मग शेवाळी, मधले बरे, खालचे थेट शिळ्या पालकाच्या रंगाचे. नमुना वरच्या फळीवर भाजलेला होता, आणि माझी भट्टी खाली थंड राहते हे मला माहीतच नव्हतं. तीन वर्षं तिच्यावर भांडी भाजत होते, पण प्रत्येक फळीवर कोन (ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा छोटा सुळका) ठेवून कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला ठेवले. वरचा कोन पुरता वाकलेला, खालचा ताठ उभा.

रंगाचं रडगाणं संपत नाही तोवर नवऱ्यानं एका मगात मोजून पाणी ओतलं. जेमतेम २०० मिली! मी कच्च्या मगात ३०० मिली मोजले होते. माझी माती भाजून १२ टक्के आकसते, पण ती उंचीत, रुंदीत, खोलीत, तिन्हीकडून आकसते. आत मावणारं पाणी जवळपास एकतृतीयांशानं घटतं. ३०० हवे असतील तर ओला मग ४४० मिलीचा घडवायला हवा. शाळेत घनफळ शिकले होते म्हणे मी.

६६ मगांतले ३८ त्या बाईंनी घेतले, तेही किंमत पाडून. चूक त्यांची नव्हतीच. उरलेल्यांपैकी एकात आजही आमच्या घरातले दात घासायचे ब्रश उभे असतात.

आता मी नमुन्याचे सहा मग करते, तिन्ही फळ्यांवर वाटून, आणि गिऱ्हाइकासमोर सर्वांत फिका नि सर्वांत गडद असे दोन ठेवते. या दोघांमधलं काहीही चालेल का, हे वहीत लिहून घेते. अर्धे पैसे आधी. नग मागितल्यापेक्षा २५ टक्के जास्त घडवते.

किमतीबद्दल. गेल्या वर्षी प्रदर्शनात शेजारच्या टेबलावरची मुलगी १५० रुपयांना मग विकत होती, कारण ‘माती तर पंधरा रुपयांचीच लागते’. मी तिच्या बिलबुकाच्या पाठीवर हिशेब मांडला. चाक, तळ तासणं, कान, ग्लेझ, भट्टी लावणं-काढणं, फोटो, पॅकिंग मिळून एका मगाला ४० मिनिटं. तासाला २०० रुपये धरले तर मजुरी १३३. माती, वीज, ग्लेझ ५०. झाले १८३. दहातले आठच धड निघतात, म्हणून २२९. दुकानदार ४० टक्के ठेवणार, म्हणजे पाटी ३८१ ची हवी, आणि यात नफ्याचा रुपयाही नाही. ती म्हणाली, ‘पण एवढ्याला कोण घेईल?’ कमी लोक घेतील. दुकानात ४५० आणि स्वतःच्या इन्स्टाग्रामवर ३०० हा शहाणपणा मात्र करू नका. दुकानदार इन्स्टाग्राम बघतात.

बाकी झटपट. तळाला मेण लावल्याशिवाय ग्लेझमध्ये बुचकळू नका, मग भट्टीच्या फळीला चिकटतो. रंगीत ग्लेझ आतून लावणार असाल तर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग उतरला असेल, तर त्यात फुलं ठेवा, चहा नको. पिंटरेस्टवरचं डिझाइन जसंच्या तसं करू नका, लोकांना कळतं. पॅक केलेला खोका मी स्वयंपाकघराच्या ओट्यावरून खाली सोडते. आत खुळखुळलं तर परत उघडायचा. कुरियरवाला यापेक्षा हळुवार नसतो.

आणि भट्टी उघडणं. २०० अंशांवर झाकण वर करून ‘नुसतं बघते’ म्हणणाऱ्या सगळ्यांना मी ओळखते, मीही त्यातलीच. गार हवा लागली की ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो. सुंदर आवाज आहे. तो भांडं तडकल्याचा असतो. माझ्याच्यानं राहवत नाही, म्हणून गच्चीची किल्ली मी सासूबाईंकडे देऊन ठेवते. काटा ८० च्या खाली आल्याचा फोटो दाखवल्याशिवाय त्या ती देत नाहीत. आणि काटा तर गच्चीवर असतो, म्हणून फोटो काढायला नवऱ्याला पाठवतात.