सोनारवर आधी तळ वाचा, मग मासे

फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं सोनार यंत्र, हाती आला की बहुतेकजण पहिल्या दिवसापासून मासेच शोधत बसतात. आधी तळ वाचायला शिका; मासा कुठे असेल याचा निम्मा अंदाज तिथेच येतो.

पडद्याच्या उजव्या कडेची रेघ तेवढी आत्ताची. डावीकडे सरकलेलं सगळं होडीने मागे टाकलेलं असतं. २०० किलोहर्ट्झ वारंवारतेवर ध्वनीचा शंकू साधारण २० अंशांचा असला, तर १० मीटर खोलीवर तळाचं जेमतेम साडेतीन मीटर रुंद वर्तुळ दिसतं. त्याबाहेर काय आहे ते यंत्राला कळत नाही.

माशांची चित्रं दाखवणारी सोय बंद करा. बुडालेल्या बाभळीच्या फांदीलाही ती मासा ठरवते. संवेदनशीलता पाण्यात बारीक ठिपके उमटेपर्यंत वाढवा, मग एक पायरी खाली आणा आणि तिथेच ठेवा. सारखी बदलत राहिलात तर खडकही गाळासारखा जाड दिसू लागतो.

नाशिककडच्या गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांच्या परिसरात खाली बेसाल्ट आणि वर काळी माती, त्यामुळे दोन्ही प्रकारचा तळ भेटतो. पडद्यावर खडकाचा पट्टा अरुंद आणि ठळक दिसतो. शिवाय दुप्पट खोलीवर दुसरा फिकट तळ उमटतो: खडक ८ मीटरवर, तर दुसरी रेघ १६ वर. ही रेघ दिसायला रेंज (पडदा किती खोलीपर्यंत दाखवतो ते) ऑटोवरून काढून हाताने २० मीटर करावी लागते. गाळाचा पट्टा जाड, खालची कडा विरलेली, आणि दुसरी रेघ बहुधा नसतेच. शंका आली तर पाव किलोचं शिसं दोरीला बांधून सोडा. खडकावर ठक्कन हाताला कळतं. गाळातून चिखल माखून वर येतं.

होडी चालू असताना मासा शंकूतून आरपार गेला की कमान उमटते; कडेने गेला तर अर्धीच. होडी थांबलेली आणि मासाही स्थिर असेल, तर लांब आडवी रेघ येते. कमानीच्या लांबीवरून माशाचा आकार ठरवू नका, होडी हळू चालली की तीही लांबते. जाडी पाहा.

रोहू मधल्या पाण्यात आणि मृगळ तळाजवळ असतो, म्हणून ते सापडतात. कटला वरच्या थरात फिरतो. तिथे शंकू फार अरुंद असतो आणि मासा होडीला बुजून बाजूला होतो. पडदा रिकामा म्हणजे कटला नाही, असं समजू नका. जुन्या नदीपात्राच्या उतारावरही फसगत होते: शंकूतला सर्वांत उथळ भाग आधी प्रतिध्वनी देतो, आणि त्याहून खोल, उताराला चिकटलेला मासा तळाच्या पट्ट्यात लपतो.

वेग वाढवताच तळ तुटक दिसू लागला, तर ट्रान्सड्यूसरखाली (ध्वनी सोडणारा आणि प्रतिध्वनी पकडणारा भाग) हवेचे बुडबुडे येत आहेत. तो होडीच्या बुडापेक्षा किंचित खाली, पाण्याशी समांतर आणि पंख्यापासून हातभर दूर बसवा.