आउटबोर्ड मोटरचे प्लग बदलताना या चुका टाळा

उजनीच्या पाण्यात थंडीभर पक्षी दाखवायला फिरणाऱ्या मोटरच्या होड्यांचं एक दुखणं ठरलेलं असतं. भिगवणजवळ थव्याच्या आसपास मोटर मंद ठेवून फिरायचं आणि परतताना थ्रॉटल दिलं की मोटर मिसिंग मारते. मग काठावर स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे) काढून फेकले जातात, नवे बसतात आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. जुना प्लग न बघता फेकणं, ही पहिली आणि सगळ्यात महागाची चूक.

प्लग काढले की वरचा कुठला, खालचा कुठला हे लक्षात राहील अशा क्रमाने फडक्यावर मांडा आणि टोक उजेडात धरा. टोकाची पांढरी चिनीमाती बिस्किटाच्या रंगाची झालेली असेल तर इंजिन ठणठणीत आहे. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. चोक पूर्ण सुटतोय का बघा. ओला, तेलकट काळेपणा टू-स्ट्रोकमध्ये जास्त ऑइलमुळे किंवा फार वेळ मंद चालवल्यामुळे येतो. पांढराफटक, फोड आलेला प्लग म्हणजे इंजिन तापतंय. उजनीत अशा वेळी आधी पाणी ओढायच्या जाळीत जलपर्णीची मुळं अडकलीत का ते तपासा, मग इंपेलर, म्हणजे पाणी ओढणारा रबरी पंखा. टोकाला पाण्याचे थेंब किंवा गंज असेल तर हेड गॅस्केटचा (सिलिंडरवरच्या हेडखालच्या पॅकिंगचा) संशय घ्या. आणि चिनीमातीवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक चमकते दाणे दिसले तर पिस्टन वितळायला लागलाय. ती मोटर पुन्हा चालू करूच नका. दोनपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्याच सिलिंडरचा.

तेलकट प्लगचं मूळ बहुतेकदा पेट्रोलच्या डब्यात असतं. मॅन्युअलमध्ये 50:1 लिहिलं असेल तर 10 लिटर पेट्रोलला 200 मिली ऑइल, तेही मापाने. अंदाजाने बाटली उपडी करायची नाही. दुचाकीचं टू-टी ऑइल वापरू नका. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं; पाण्याने थंड राहणाऱ्या आउटबोर्डमध्ये त्याची राख प्लगच्या टोकावर साचते. ऑइलच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलंच घ्या. मंद फिरणं टाळता येत नसेल तर मोकळ्या पाण्यात आल्यावर काही मिनिटं मोटर चांगल्या वेगाने चालवा, म्हणजे टोकावरची काजळी जळून जाते.

नाना पेठेत ‘असाच दिसणारा द्या’ म्हणून प्लग घेऊ नका, मॅन्युअलमधला नंबर सांगा. एनजीकेच्या बीआर7एचएस-10 मध्ये बी म्हणजे 14 मिमीचे आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, 7 हा उष्णतेचा आकडा, एच म्हणजे आट्यांची लांबी 12.7 मिमी आणि शेवटचे 10 म्हणजे गॅप (ठिणगी उडते ते दोन टोकांमधलं अंतर) 1.0 मिमी. एच च्या जागी ई असेल तर लांबी 19 मिमी. तो लांब प्लग आखूड हेडमध्ये घातला तर पिस्टन त्याला धडकू शकतो. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा. काही कंपन्यांत नेमकं उलट असतं. काळा पडतो म्हणून गरम प्लग टाकणं धोक्याचं, कारण पूर्ण वेगात तोच पिस्टनला भोक पाडतो.

बसवताना इंजिन थंड हवं. गरम अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढला तर आटे सोबत येतात. किल स्विचची (मोटर बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढा, वायर न ओढता टोपी धरून फिरवत सोडवा आणि प्लगभोवतीची रेती ब्रशने किंवा हवा मारून काढा; नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. नव्या प्लगचा गॅप फिलर गेजने मोजा, प्लगचा डबा हातातून पडला असेल तर नक्कीच. वाकवायचं ते फक्त बाहेरचं टोक. मधल्या इलेक्ट्रोडवर जोर दिला की चिनीमाती तडकते.

सुरुवातीला पाना लावूच नका. पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकाला घालून फिरवा. आटे वाकडे लागत असतील तर पाइपच घसरतो, हेड वाचतं. वायसर टेकल्यावर 21 मिमीचा प्लग पाना लावून अर्धी फेरी, म्हणजे घड्याळाच्या बारावरून सहावर. टॉर्क पाना असेल तर 14 मिमीच्या प्लगला साधारण 25 न्यूटन-मीटर. जुनाच प्लग परत बसवत असाल तर वायसर आधीच दबलेलं असतं. बारावरून एकवर एवढंच पुरे. करकचून आवळायची सवय इथे नडते, आटे गेले की हेड लेथवाल्याकडे. आट्यांना ग्रीसही नको. घसरण वाढते आणि न कळत जास्त आवळलं जातं.

प्लगची टोपी सैल लोंबकळत ठेवून स्टार्टची दोरी ओढू नका. सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळू शकतो, आणि मोटरच्या झाकणाखाली पेट्रोलची वाफ असेल तर आग लागते. ठिणगी बघायचीच असेल तर स्पार्क टेस्टर ब्लॉकला क्लिप करून, प्लगच्या भोकापासून लांब धरून बघा.

शेवटी मोटर कोरडी चालवू नका. काही सेकंदांत इंपेलरचं रबर जळतं. पाणी ओढायच्या जाळीच्या वर येईल एवढा ड्रम भरा, न्यूट्रलमध्ये सुरू करा आणि मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार सरळ पडते का ते बघा. धार आली नाही तर लगेच बंद करा.