चार्टिस्ट कॉटेज दुरुस्त करताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या वुस्टरशायरमधल्या डॉडफर्ड गावात 'रोझडीन' ही बैठी कॉटेज आहे. चार्टिस्ट म्हणजे एकोणिसाव्या शतकात कामगारांना मताधिकार मागणारे ब्रिटिश चळवळकर्ते. त्यांचे पुढारी फर्गस ओ'कॉनर यांच्या जमीन-योजनेत ती बांधली गेली. या योजनेत कामगारांनी थोडेथोडे पैसे भरून शेअर घ्यायचे आणि त्यातून घर नि दोन ते चार एकर जमीन मिळवायची. सुमारे ७०,००० जणांनी पैसे भरले, जमीन जेमतेम अडीचशेंना मिळाली. १८५१ मध्ये संसदेने कायदा करून योजनेची कंपनी गुंडाळली. रोझडीन आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. योजनेच्या पाच वसाहतींतल्या इतर बऱ्याच कॉटेजमध्ये मात्र लोक राहतात, आणि दुरुस्तीत त्याच त्या चुका होतात.

सगळ्यात महागात पडते ती ओल दिसताच सिमेंट थापण्याची घाई. या भिंती चुन्यात बांधलेल्या. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही. सिमेंटच्या बारीक तड्यांतून पाणी आत शिरतं, अडकतं, थंडीत गोठून फुगतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. वर प्लॅस्टिक पेंट दिला की दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. आधी पन्हळ तुंबली आहे का आणि बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा वर चढली आहे का, ते पाहा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटाव्यात. मग सिमेंट हलक्या हाताने काढून चुन्याने दर्जा (विटांमधल्या फटी) भरा. मशीनने खरवडलंत तर विटांच्या कडा जातील. धुराडं बंद करायचंच असेल, तर हवेला वाट ठेवा.

दुसरी चूक मागच्या खोल्या 'अडगळ' म्हणून पाडण्याची. पुढे राहायचं, मागे शेतीची नि घरची कामं, असाच या घराचा आराखडा होता. जमिनीवाचून ही कॉटेज अर्धीच. मोठ्या खिडक्या बसवून पुढची सारखेपणाची रचना मोडणं तर मला अक्षम्य वाटतं. घर लिस्टेड, म्हणजे संरक्षित वारसा म्हणून नोंदलेलं असेल, तर त्याचं रूप बदलणाऱ्या कामाला आधी परवानगी लागते. ती न घेणं तिथे फौजदारी गुन्हा आहे.

आणि माहितीफलक लिहिणार असाल, तर सगळ्यांना जमीन सोडतीत मिळाली असं लिहू नका. सोडतीवर कायदेशीर आक्षेप आल्याने डॉडफर्डमध्ये आगाऊ रक्कम भरणाऱ्यांना प्राधान्य मिळालं. 'योजना फसली, लोक पळाले' हेही अपुरं: डॉडफर्डमध्ये पुढे स्ट्रॉबेरीची शेती चांगली रुजली.