कॉलेज सोडू की नको? आधी मार्कशीट काढ

इंदूरच्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागात माझी सगळी नोकरी झाली. तिथे बसलं की अडचणीतली पोरं दोन प्रकारची दिसतात. एक येऊन विचारतो, "मॅडम, सोडलं तर काय काय होईल?" दुसरा काहीच विचारत नाही, हळूहळू यायचाच बंद होतो. आधी परीक्षेचा फॉर्म राहतो, मग फी राहते. काही वर्षांनी वडिलांना घेऊन टीसी मागायला येतो, तेव्हा हातात ना डिग्री, ना एखाद्या वर्षाचं सर्टिफिकेट, वर फीची बाकी. पहिल्याची मला कधी काळजी वाटली नाही. हे लिहिते आहे ते दुसऱ्यासाठी.

निर्णय आजच घ्यायचा नाही. आधी सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट काढ आणि पेन्सिल घे. टक्के बघू नकोस, ते घरचे बघतील. थिअरीचा आणि इंटर्नलचा रकाना वेगवेगळा वाच. इंटर्नलला बरे मार्क आणि थिअरीत नापास, म्हणजे विषय कळतोय, पेपर लिहिता येत नाहीये. इंटर्नलही गेलेलं असेल तर हजेरीपासून सुरुवात करावी लागेल. पुस्तकाशी त्याचा फारसा संबंध नाही. बाकी सगळं ठीक आणि दर वेळी गणितच राहतं, तर ते एका विषयाचं दुखणं आहे, त्यासाठी अख्खं कॉलेज सोडायचं कारण नाही. आणि पहिलं सेमिस्टर बरं होतं, दुसऱ्यापासून सगळेच विषय एकदम कोसळले, असं दिसलं तर मध्ये काहीतरी घडलेलं असतं. घरी, रूमवर, पैशात, नाहीतर तब्येतीत. ते काय, हे मार्कशीट सांगत नाही, पण तुला पक्कं माहीत असतं.

यापुढची गोष्ट फार थोडी मुलं करतात: आपली तपासलेली कॉपी बघणं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते. रीव्हॅलचा, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घ्यायचा फॉर्म सगळे भरतात, दोन-चार मार्क वाढतील या आशेने. मी म्हणते, मार्क राहू देत, कॉपी बघ. पहिले दोन प्रश्न चार-चार पानं आणि शेवटचे दोन कोरे, म्हणजे घड्याळाने मारलं. प्रत्येक उत्तर पाच ओळींत संपलेलं, म्हणजे सांगायला होतं पण भाषा नव्हती. आकृती बरोबर, सूत्र बरोबर आणि आकडेमोड चुकलेली, म्हणजे हात बसलेला नाही. आणि प्रश्न एक, उत्तर भलतंच, अशी कॉपी असेल तर विषय खरोखरच डोक्यावरून गेलाय. हे शेवटचं सोडून बाकी सगळ्याला उपाय आहे, आणि तो सहा महिन्यांत होण्यासारखा आहे.

भाषेचं जरा जास्त सांगते, कारण आपल्या पोरांचं तिथेच अडतं. बऱ्हाणपूरहून, खंडव्याहून मुलं येतात, इंदुरात भंवरकुआं भागात रूम घेतात. घरात मराठी, शाळा हिंदी आणि इंजिनीअरिंगचं पुस्तक इंग्रजीत. बारावीला ऐंशी टक्के मिळवलेला मुलगा पहिल्या सेमिस्टरला तीन विषयांत राहतो आणि स्वतःला ढ समजायला लागतो. अरे, तू ढ नाहीस, तुला प्रश्न वाचायलाच वेळ लागतोय. आधी चौकशी कर की तुझ्या कोर्सचा पेपर हिंदीत लिहिता येतो का. आपल्या मध्य प्रदेशात २०२२ मध्ये एमबीबीएसची पुस्तकं हिंदीत आली, तेव्हा हे विचारायला लाजायचं काही कारण उरलेलं नाही. नसेल चालत, तर युनिटमागे तीस-चाळीस शब्दांची वही कर. कंटाळवाणं काम आहे, पण हे केल्यावर गाडी रुळावर आलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता एक तारीख ठरव. माझ्या मते सगळ्यात बरी तारीख म्हणजे लेट फीशिवाय परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. तोवर सोडायचं नाही आणि नुसतं लोळायचंही नाही. एकच विषय घे, मागच्या पाच वर्षांचे पेपर काढ, आणि त्या विषयाच्या सरांकडे एकदा जा. "सर, काही समजत नाही" असं म्हणत गेलास तर तेही "अभ्यास कर" म्हणून मोकळे होतील. एक अर्धवट सोडवलेलं उदाहरण घेऊन जा, म्हणजे बोलायला काहीतरी असतं.

तारीख आली की स्वतःला एवढंच विचार: हा विषय पास झालो, तर पुढच्या वर्षी यातलंच आणखी शिकायला आवडेल का? मार्क कमी आहेत हे सोडायचं कारण नाही. पास झाल्यावरही नको वाटतं, हे आहे.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर हा निर्णय सध्या बाजूला ठेव आणि १४४१६ ला फोन लाव. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास. तब्येतीसाठी सुट्टी किंवा वर्षाचा खंड घेता येतो का, हे ऑफिसात विचारायला घरच्या कोणालाही पाठवता येतं.

राहायचं ठरलं तर एटीकेटीचा, म्हणजे मागचे विषय बाकी ठेवून पुढे जाण्याचा, हिशेब कागदावर मांड. राहिलेल्या विषयांचे पेपर चालू पेपरांच्या आगेमागेच येतात. सहा नवे आणि तीन जुने म्हणजे नऊ. तेव्हा पुढच्या खेपेला तिन्ही काढीन ही प्रतिज्ञा करू नकोस, सोपे दोन काढ. जास्तीत जास्त किती विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाता येतं आणि डिग्री किती वर्षांत पुरी करावी लागते, हे दोन नियम ऑफिसातून लेखी घे. मित्राचा नियम त्याच्या कोर्सचा असतो.

जायचं ठरलं तर ताठ मानेने जा, पण कागद घेऊन जा. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.वाल्यांना नव्या शिक्षण धोरणाने चांगली सोय करून दिली आहे. मध्य प्रदेशात ते २०२१ पासून लागू आहे. पहिलं वर्ष पुरं केलं तर सर्टिफिकेट, दुसरं केलं तर डिप्लोमा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्याप्रमाणे त्यासाठी वर्षाला ४० क्रेडिट (पास झालेल्या विषयांमागे जमा होणारे अंक) आणि उन्हाळ्यात चार क्रेडिटचा एक व्यावसायिक कोर्स लागतो. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि एकूण सात वर्षांत डिग्री पुरी करता येते. म्हणून वर्षाच्या मधोमध उठून जाऊ नकोस. दोन पेपर राहिले असतील तर ते काढून जा. तुझे क्रेडिट 'क्रेडिट बँके'त, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन खात्यात, जमा दिसतात का, हे निघण्याआधी डिजिलॉकरमध्ये बघ.

पहिल्या वर्षालाच चूक कळली तर घाई मात्र कर. यूजीसीच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर पंधरा दिवसांत नाव काढलं तर ८० टक्के फी परत मिळते, तीस दिवसांपर्यंत ५०, आणि त्यापुढे काही नाही. ओरिजिनल मार्कशीट अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही, हेही त्याच आदेशात आहे. शैक्षणिक कर्ज असेल तर कॉलेजच्या आधी बँकेत जा, कारण कोर्स थांबला की हप्त्याची घडी बदलते.

पुढे काय? इग्नूला, म्हणजे घरबसल्या शिकवणाऱ्या मुक्त विद्यापीठाला, जानेवारी आणि जुलै, असा वर्षातून दोनदा प्रवेश असतो, बी.ए. तीन ते सहा वर्षांत करता येतं, म्हणजे नोकरी सांभाळूनही. हातात कसब हवं असेल तर नंदानगरची आयटीआय आहे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. लोक याला खालची पायरी समजतात, मला तो शहाणा रस्ता वाटतो.

घरी सांगताना "मला जमत नाही" एवढ्यावर थांबू नकोस. त्याने फक्त रडारड होते, आणि मग मामा, काका, शेजारचे जोशीकाका सगळे बोलायला लागतात. मार्कशीट, फीची पावती आणि पुढच्या कोर्सचा फॉर्म घेऊन बस. आधी आईशी बोल की बाबांशी, हे तुझं तू ओळख. दोघांना एकदम सांगू नये असं माझं मत आहे. "बाबा, हे एवढे पैसे गेले, एवढे वाचतील, आणि जुलैत मी हे सुरू करणार" असं म्हटलं की बाबा चिडले तरी आकड्यांवर चिडतात.

नाव काढण्याचा अर्ज दोन प्रतींत कर. टीसी, मायग्रेशन (दुसऱ्या विद्यापीठात जायचा दाखला), नो ड्यूज (काही बाकी नसल्याचा दाखला) आणि डिपॉझिट, चारही एकाच अर्जात माग. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नकोस. आणि जेवणाच्या सुट्टीआधी जा. आवक नंबर टाकणारा माणूस एकटाच असतो.