दुर्बिणीचं दृष्टिक्षेत्र घरच्या घरी मोजा

ऐरोलीच्या खाडीवर रोहित पक्ष्यांचा थवा एका नजरेत मावेल का, हे दृष्टिक्षेत्रावर, म्हणजे दुर्बिणीतून एका वेळी दिसणाऱ्या रुंदीवर ठरतं. दुर्बिणीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. मोजायला सोपं आहे.

सोसायटीच्या कंपाउंड वॉलवर मोजायची टेप आडवी चिकटवा. भिंतीपासून बरोबर 20 मीटरवर दुर्बीण ट्रायपॉडवर बसवा; हातात धरलीत तर कडेचा आकडा नाचत राहतो. एकाच नळीतून पाहा, फोकस नीट करा आणि वर्तुळाच्या डाव्या-उजव्या कडेला टेपवरचे कोणते आकडे येतात ते टिपा. वर्तुळाच्या मधोमधून टेप गेली पाहिजे, नाहीतर रुंदी कमी भरते. रुंदी भागिले अंतर गुणिले 57.3, म्हणजे अंश. 2.27 मीटर दिसले तर 6.5 अंश, म्हणजेच 1000 मीटरवर साधारण 113 मीटर.

चष्मा असेल तर आयकप (डोळ्याकडची वर-खाली होणारी कड) खाली करा. डोळा लांब राहिला की कडा कापली जाते आणि चांगली दुर्बीणही अरुंद वाटते. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पडताळणी हिवाळ्यात, गच्चीवरून: मृग नक्षत्रातल्या एका रेषेतल्या तीन ताऱ्यांपैकी पश्चिमेकडचा तारा स्थिर दुर्बिणीत वर्तुळाच्या मधोमधून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकू द्या आणि वेळ मोजा. दर 4 मिनिटांना 1 अंश. 26 मिनिटं लागली तर 6.5 अंश.